झरोक्यातून आलेलं नाव

वाळवंटातल्या घदामेसच्या जुन्या गावात पुरुष खालून चालतात आणि बायका वरून. खाली छप्परबंद, काळोखे बोळ. वर एकमेकींना खेटून बसलेल्या पांढऱ्या गच्च्या. मबरूकाचं निम्मं आयुष्य या गच्च्यांवर गेलं. चूल वर, शेजारणी वर, भांडणंही वर. एकीचा कांदा करपला की पलीकडची म्हातारी खोकून दाद द्यायची.

पुढे सरकारने वाळूत नवी घरं बांधून दिली आणि गाव तिकडे राहायला गेलं. जुन्या घराला कुलूप लावायचं मात्र कुणाच्या जिवावर आलं नाही. खजूर उतरवायच्या दिवसांत सगळे परत येत. मबरूकाच्या नवऱ्याने, ताहेरने, तर त्या घराचीच भाकरी केली. समुद्राकाठचे रोमनांचे पडके रंगमंडप आणि डोंगरातली मातीची कोठारं बघत प्रवासी इथवर येत. ताहेर त्यांना बोळांतून फिरवी आणि शेवटी आपल्या घरात जेवायला बसवी. भिंतींवरची तांबडी नक्षी मबरूकाची होती. लग्नाआधी नवरीने आपल्या हाताने घर रंगवायचं, ही इथली रीत.

बाहेर ताहेरच्या जिभेला लगाम नसे. घरात तो शब्दाला महाग होता. त्याचं कारण मबरूकाला ठाऊक होतं, निदान तिला तसं वाटत होतं.

लग्नानंतर त्यांना मुलगा झाला, युनुस. रीतीप्रमाणे गाव तिला 'युनुसची आई' म्हणू लागलं. पोर दात यायच्या वयात तापाने गेलं. ताहेरने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. दफन करून आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "हे नाव पुन्हा या घरात घ्यायचं नाही." गावानेही मानलं. युनुसची आई पुन्हा नुसती मबरूका झाली. याला सोसवत नाही, म्हणून आपण गप्प राहायचं, असं तिने ठरवलं. पुढे मूल झालं नाही. केस पिकले, तरी तिने ते नाव ओठांवर येऊ दिलं नाही.

प्रवाशांचं जेवण एरवी ताहेरची बहीण फतूमा करायची. खजुराच्या हंगामात एके दिवशी ती लेकीकडे गेली होती, म्हणून ताहेरला न कळवताच मबरूका गच्चीवर चुलीपाशी बसली. खाली बेनगाझीहून आलेलं एक कुटुंब जेवायला टेकलं होतं. घरात उजेड येतो तो छतातल्या एकाच झरोक्यातून, आणि त्यातूनच खालचा आवाज वर येतो.

"बहिणींनो, भावांनो," ताहेर म्हणत होता, "ही नक्षी माझ्या बायकोच्या हातची. बिचारी अल्लाच्या घरी गेली."

मबरूकाला हसूच फुटलं. "मेल्या, मी इथे तुझ्याच पाहुण्यांचा रस्सा ढवळतेय!" ती पुटपुटली. आता खाली वाकून हाक मारावी आणि सगळ्यांची भंबेरी उडवावी, असं तिच्या मनात आलं.

"तिच्याआधी आमचा युनुस गेला."

पळी रश्श्यातच राहिली.

"खालचे दोन दात आले होते त्याला. माझं बोट धरायचा आणि त्या दोन दातांनी चावून बघायचा. त्या दुःखानेच ती गेली."

मबरूकाने झरोक्यातून पाहिलं. ताहेरचे खांदे हलत होते. दाढी ओली झाली होती. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "रडू नका हो, भाऊ. मग हे इतकं चवदार जेवण कोण करतं?"

"बहीण," ताहेर म्हणाला.

पाहुणे गेल्यावर ती खाली उतरली.

"मी कशाने मेले म्हणालास?"

ताहेर चपापला. "तू वर होतीस? अगं, दिवसभर पडक्या भिंती बघून दमलेली माणसं. त्यांना मनाला लागेलसं काहीतरी हवं असतं."

"गोष्टीत मला मार. रोज मार, हवं तर सणासुदीला दोनदा मार. युनुस कशाला?"

तो पाहुण्यांची ताटं गोळा करू लागला.

"रडलास ते खोटं होतं ना?"

खोटं म्हणाला असता, तर तिने दोन शिव्या घालून विषय मिटवला असता. पण ताहेर म्हणाला, "नाही. खरं होतं."

ती पाहुण्यांच्या गादीवर जाऊन बसली. "मग मला सांग. त्यांना सांगतोस तसंच. आज एकटी मीच आहे ऐकायला."

तो आपल्या रोजच्या जागी जाऊन उभा राहिला. भिंतीला हात टेकला, घसा खाकरला. "बहिणींनो..." म्हणाला आणि अडला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्यासमोर नाही जमत, मबरूका."

ती उठून गच्चीवर गेली. फतूमा परतली होती, शेजारच्या गच्चीवरून हसत बघत होती. मबरूकाचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं. "वहिनी, मी सांगणारच होते गं. नुसतं नाटक आहे ते."

"कधीपासून वाढतेस तू माझ्या मयताचं जेवण?"

फतूमाने ओढणीचं टोक तोंडाशी नेलं.

मबरूका निघाली. गच्चीमागून गच्ची ओलांडत, गावाच्या दुसऱ्या टोकाला, भावाच्या घराकडे. खाली बोळात ताहेर दारं ठोठावत विचारत होता, "मबरूका आली का इथे?" पुरुषाला वर यायची सोय नव्हती. एकदा तिच्या पायांखालूनच त्याची हाक गेली. ती थांबली नाही.

भावाच्या बायकोने, हमीदाने, पाणी दिलं. "काय झालं, वन्सं?"

"मला युनुसबद्दल बोलायचंय."

"कोण युनुस?" हमीदाने साधेपणाने विचारलं. ती या घरात बरीच उशिरा आली होती.

"माझा मुलगा. त्याला खालचे दोन दात..." एवढं बोलून मबरूका थांबली. ते दात आता बेनगाझीच्या लोकांना ठाऊक होते, आणि त्यांच्याआधी किती जणांना, कोण जाणे. हमीदा वाट बघत राहिली. ताहेरला माहीत नसेल असं युनुसचं काहीतरी मबरूका आठवू लागली.