अर्फाची हळद

कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि दारावर थाप पडली. दारात तासगावकडची एक बाई, मागं तिचा नवरा नारायण. त्याचं अर्धं कपाळ हळदीनं माखलेलं, डावी पापणी सुजून मिटलेली.

"नागिणीवर हळदीचं औषद देनारी पोरगी हितंच राहती न्हवं?"

"शेजारी," म्हटलं, आणि गॅस बंद करून त्यांच्याबरोबरच निघाले.

अर्फा म्हणजे आमच्या शेजारच्या हळदीच्या व्यापाऱ्यांची, हाफिजभाईंची मुलगी. इथेच सांगलीत कॉलेजात शिकवते. हळदीतला एक घटक वेगळा काढून तिनं तो नागिणीच्या कुळातल्या विषाणूवर तपासला. काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींमध्ये विषाणूची वाढ मंदावली, एवढंच तिचं म्हणणं. त्यावर पीएचडी मिळाली आणि वडिलांनी मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर भलामोठा फ्लेक्स लावला. तिचा फोटो, हळदीचा ढीग, खाली 'नागिणीवर हळदीचे औषध शोधणाऱ्या आमच्या कन्येचे अभिनंदन'. तेव्हापासून कोणी ना कोणी दारात असतंच. लोकांना ती शांतपणे समजावते आणि चिडायला माझ्या ओट्याशी येते. "काकू, ताटलीत साबणानंही विषाणू मरतो. म्हणून साबण खायचा का?"

नारायणकडे बघताच तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"कधी उठली?"

"सोमवारी," बाई म्हणाली. "लगीच हळद लावली. बोर्डावर लिवलंय म्हनून दवाखान्यात गेलो न्हाई. आता डोळा उघडंना, तवा म्हटलं, तुमची हळद येगळी आसंल."

"माझ्याकडे औषध नाही, मावशी. दवाखान्यात गोळ्या असतात, त्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुरू करायच्या असतात. आज शुक्रवार. डोळ्याचं काय होईल, मला सांगता येत नाही. पण आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा."

रिक्षा मी बोलावली. चढता चढता नारायण विचारत होता, "मग ही पुसू का ऱ्हाऊ दे?"

रिक्षा वळली तरी अर्फा फाटकातच उभी. हाफिजभाई बाहेर आले.

"बेटा, आपण खोटं काय लिहिलं? शोध हळदीवरच लावलास की."

"औषध नाही शोधलं, अब्बा. किती वेळा सांगू?"

"अगं, लोक थांबून वाचतात. फोटोपण झकास आलाय."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग वडिलांना म्हणाली, "अब्बा, आज दुकान उघडायच्या आधी तो फ्लेक्स उतरवा."