महिपतीचं धुकं

सोनिवलीच्या महिपतीइतका सुरक्षित रिक्षावाला उभ्या बदलापुरात नाही, हे आमच्या नरेंद्रने ठरवलं होतं. नरेंद्र अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे, म्हणजे या विषयात त्याच्यापुढे कोणी तोंड उघडायचं नाही. तो, पॅकिंगमधली अंजनी आणि मी, तिघं रोज साडेआठच्या शिफ्टला महिपतीच्या रिक्षाने जातो.

महिपती साठीचा. भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या आणि हा रिक्षात बसला. थंडी पडली की कानटोपी, तिच्यावर मफलर, रिक्षाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे पडदे. हॉर्न ऐकू येऊ नये याची इतकी चोख व्यवस्था सरकारलाही जमली नसती. धुक्यात तो दिवा लावून, सायकलच्या वेगाने, डावी कड धरून जायचा. मागचे टँकरवाले त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आम्ही दहा मिनिटं उशिरा पोचायचो, पण धडधाकट. जानेवारीतल्या सुरक्षा अभियानात नरेंद्रने त्याला गुलाब दिला आणि फोटो स्टेटसला टाकला. सावध चालक म्हणून.

यंदा धुकं हटायचं नावच घेईना, असं महिपतीचं म्हणणं. नंतर नंतर तो म्हणायला लागला की हे धुकं नव्हेच, कारखान्यांचा धूर आहे, त्यातून काही दिसत नाही. आम्ही माना डोलावल्या. आमच्याकडे धुराला शिव्या घालणाऱ्याला खोटं कोण पाडणार? अंजनी ओढणी नाकाला लावून बसायची, मी मोबाइलमध्ये, सेफ्टी ऑफिसर डुलकीत. मळक्या पडद्याबाहेर कोणी बघायची तसदी घेतली नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी उकडायला लागलं म्हणून अंजनीने पडदा गुंडाळला. बाहेर लख्ख ऊन होतं. मलंगगडाचे सुळके मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. आमचा दिवा मात्र चालू, वेग सायकलचा, आणि समोर कडेला एक बंद पडलेला टँकर, मागे झाडाच्या फांद्या खोचलेला. महिपती शांतपणे त्याच्याच दिशेने चालला होता.

"काका, टँकर!" अंजनी ओरडली.

ब्रेक लागला तेव्हा फांदीची पानं आमच्या काचेला घासत होती. नरेंद्र दचकून जागा झाला आणि लगेच व्याख्यान सुरू केलं. एवढा टँकर दिसत कसा नाही, तीन माणसांचा जीव तुमच्या हातात आहे वगैरे.

"या धुरान काय दिसल, साहेब?" महिपती म्हणाला.

मी म्हटलं, "काका, आज धूर नाही. ऊन पडलंय."

तो खाली उतरला, खांद्यावरच्या टॉवेलने काच पुसली, मागे सरून बघितलं. पुन्हा पुसली. मग डोळे चोळून टँकर होता त्या बाजूला बोट केलं.

"मंग ह्ये पांढरं काय हाय?"

अंजनीने त्याचा हात धरून त्याला मागच्या सीटवर बसवलं. मोतीबिंदू असेल, ऑपरेशनने जातो, असं नरेंद्र त्याला समजावू लागला. इतके दिवस त्याने कोणाला सांगितलं का नाही, असंही जरा रागानेच विचारलं.

महिपती त्याच्याकडे बघत राहिला. नक्की त्याच्याकडेच बघत होता की नाही, देव जाणे.

"रोज सांगत व्हतो ना, साहेब," तो म्हणाला. "दिसत नाय म्हनून."