फॅटच्या मशीनविरुद्ध माझा अर्ज

मी लिहायला बसलोय याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरातून बेळगावच्या कॉलेजापर्यंत पोहोचलेला मी पहिलाच, पण तेवढ्यानं लिहायचा हक्क मिळतो असं नाही. शिवाय याआधी एकदाच मी मनापासून काही लिहिलं. तो एक अर्ज होता, आणि तो चुकला.

पहिल्या वर्षी आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं की मी म्हणतो म्हणून काही मानू नका. मला ते इतकं आवडलं की शनिवारी निपाणीची बस धरून गावी आलो की मी कशावरच विश्वास ठेवायचो नाही. डॉक्टरची गोळी, टीव्हीवरची बातमी, बसचं वेळापत्रक, सगळ्यावर माझी शंका. आमच्या गल्लीला याचं कौतुक वाटलं. कारण गल्लीही कुणावर विश्वास ठेवत नाही. विज्ञान आणि आमची गल्ली एकच सांगतात, असा माझा समज झाला.

गणपतीच्या सुट्टीत आलो तेव्हा आमच्या म्हशीची फॅट साताची साडेपाचावर आली होती. डेअरीत दूध घातलं की मशीन फॅट दाखवतं, आणि त्यावर दर ठरतो. शेजारच्या आप्पांचीही फॅट उतरली होती. मशीनवर बसणारी आक्का काहीतरी बटण दाबते, असं गल्लीनं ठरवून टाकलं. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी झोकात लिहिलं की मशीनमध्ये फेरफार होत असून संबंधित महिलेस तात्काळ कामावरून कमी करावे. ‘संबंधित’ आणि ‘तात्काळ’ या शब्दांवर मी फार खूश होतो. खाली अकरा सह्या झाल्या. आमच्या घरातर्फे वडिलांनी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किटली घेऊन गेलो. आक्कानं दूध मोजलं, पावती दिली आणि हळूच म्हणाली, "अर्ज चांगला लिवलाईस. शंका घे की, माझं काय न्हाय. पण तपासलंस का रं एकदा तरी?"

मी नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी आमचंच दूध ढवळून तीन किटल्यांत ओतलं. एक मी डेअरीत आमच्या खात्याच्या नंबरावर घातली. दुसरी आप्पांनी त्यांच्या नंबरावर, मुद्दाम उशिरा जाऊन घातली. त्यांना या कटात फार मजा आली. तिसरी सायकलला अडकवून कोगनोळीच्या नाक्यापलीकडे, महाराष्ट्रातल्या मावशीच्या गावी नेली आणि तिथल्या डेअरीत तिच्या नंबरावर घातली. तिन्ही पावत्यांवर साडेपाच.

मग फॅट जाते कुठं? सकाळी आई धार काढत होती तिथं जाऊन बसलो. सड अजून भरलेले असतानाच ती उठली आणि रेडकू सोडलं. संध्याकाळी रेडकू सोडायच्या आधी मी पहिल्या धारेचा तांब्या आणि शेवटच्या धारेचा तांब्या वेगळे भरून मशीनवर नेले. पहिल्याला चार लागली, शेवटच्याला दहा.

मोठा शोध लावल्यासारखा मी धावत घरी आलो. आई म्हणाली, "ते ठावं हाय की मला. घट्ट असतंय म्हणूनच त्याला ठिवते. अशक्त हाय ते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू कुठं इचारलंस?"

बाकीच्यांची फॅट कशानं उतरली ते मला अजून नक्की माहीत नाही. आक्का ओल्या चाऱ्याकडे बोट दाखवते. तेही तपासायला हवं.

मी पावत्या आप्पांना दाखवल्या. ते म्हणाले, दोन्हीकडची मशीनं एकाच कंपनीची असतील. म्हटलं, वेगळ्या कंपनीची दाखवली तर? तर कंपन्या मिळालेल्या असतील.

"आप्पा, काय दाखवलं तर तुम्हाला पटंल?"

आप्पांनी खरंच विचार केला. मग मोकळेपणानं हसत म्हणाले, "कशानंच न्हाय बघ."

मला हसू आलं, आणि मग बरं वाटेना. आठवडाभरापूर्वी मलाही हाच प्रश्न कुणी विचारला असता, तर मी वेगळं काय सांगितलं असतं?

अर्ज परत घ्यायला गेलो तर डेअरीचे चेअरमन म्हणाले, तो चिकोडीच्या वरच्या ऑफिसात गेलाय, आणि निकाल लागेपर्यंत आक्कानं घरी बसायचं. तिच्या घरात पगार आणणारं दुसरं कुणी नव्हतं. मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात सगळे आकडे आणि पावत्या लावल्या, माझी चूक लिहिली, ‘तात्काळ’ कुठंच लिहिलं नाही. त्याच्यावर माझी सही, आणि खाली आईनं सावकाश एकेक अक्षर काढून केलेली सही. बाकी कुणी पेन हातात घेतलं नाही.

मग परीक्षेसाठी बेळगावला आलो. रोज फोनवर निकालाचं विचारायचो आणि आई रोज म्हणायची, अजून न्हाय.

चौथ्या आठवड्यात तिचाच फोन आला. आधी पावसाचं सांगितलं, मग रेडकाचं. ते आता उड्या मारतंय म्हणे. मग म्हणाली, चिकोडीचा माणूस येऊन मशीन उघडून बघून गेला, आणि आप्पा आता नाक्यापलीकडं दूध घालतात.

"आणि आक्का?"

"ती व्हय? कालपासनं बसलीया की मशीनवर."