सुलभाची फक्की

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाल्याकाठच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होते. "मावशी, आई गेली..." एवढंच तिचा मुलगा बोलू शकला. माझा चेहरा बघून भाजीवाल्या यमुनाबाईंनी काय झालं ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर हातातला तराजू खाली ठेवला. समोर रशीदचाचांनी पिठाची चक्की बंद केली. हा बाजार जिथे भरतो तिथे एकेकाळी भिंत उभी राहणार होती. ती राहिली नाही याचं श्रेय माझ्या या हट्टी मैत्रिणीचं, आणि ते मी आज अगदी मिरवून सांगणार आहे.

सुलभा नगररचनाकार होती, पण नकाशावर तिचा फारसा विश्वास नव्हता. पाया खणण्याआधी गवंडी जमिनीवर पांढऱ्या भुकटीची रेघ मारतात ना, ती फक्की तिच्या पिशवीत कायम असायची, तळाला भोकं पाडलेल्या डालड्याच्या डब्यात. रस्ता असो की बाग, आधी ती जागेवर आखायची आणि आठवडाभर तशीच सोडायची. ज्याला अडचण होईल त्याने पायाने पुसावी, असा तिचा नियम होता. कचेरीतले लोक तिला रांगोळीवाल्या बाई म्हणायचे. तिला ते आवडायचं.

नव्वदच्या दशकात आमच्या भागात दंगल झाली. नाल्याच्या अलीकडे भाजी आणि फुलं विकणारी हिंदू घरं, पलीकडे मुसलमानांची वस्ती, आणि दोन्हीकडे जळालेली दुकानं. भाग पुन्हा उभा करायचा आराखडा सुलभाकडे आला. माझ्या शाळेत सभा भरली आणि एरवी कशावरच एकमत न होणारी ही माणसं एका गोष्टीवर ताबडतोब एक झाली... नाल्याच्या कडेने उंच भिंत हवी. मी तेव्हा त्या शाळेची मुख्याध्यापिका. माझी निम्मी मुलं पलीकडून यायची. भिंत झाली की शाळा बंद पडणार हे मला लख्ख दिसत होतं. सुलभा विरोध करेल या भरवशावर मी बसले होते, तर ही बया शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. उद्या आखते." त्या संध्याकाळी मी तिच्याशी कडाकडा भांडले. तिने माझ्याच डब्यातली भाकरी मोडून घेतली आणि म्हणाली, "अगं, रेघ आखतेय. भिंत नाही."

दुसऱ्या दिवशी नाल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ उमटली. पहिल्या दिवशी सगळे ती जपून ओलांडत होते, साड्या आणि लुंग्या उचलून. यमुनाबाई दळणाचा डबा डोक्यावर घेऊन आल्या, रेघेपाशी थबकल्या आणि शेवटी लंगडी घातल्यासारखी उडी मारून चक्कीवर गेल्या. मग लोकांना कंटाळा आला. चक्कीची वाट पुसली, नळाची पुसली, शाळेच्या दारातली तर मुलांनी मधल्या सुट्टीतच उडवून लावली. फुलांच्या टोपल्या पलीकडे जायच्या, पंक्चर काढायला सायकली जायच्या. एरवी रेघ तशीच सोडणारी सुलभा या वेळी रोज सकाळी येऊन पुन्हा आखायची, आणि दुपारपर्यंत पुन्हा तेच.

आठवड्याने एका दुपारी तिने दोन्हीकडच्या मंडळींना रेघेवरून चालवलं. रेघ शिल्लक होती ती फक्त संडासांच्या मागे आणि उकिरड्यापाशी. रशीदचाचांनी रेघ पुसून पडलेल्या वाटा बोटांवर मोजल्या. मग म्हणाले, "बाई, इतके दरवाजे ठेवायचे तर भिंत कशाला?"

यमुनाबाई लगेच म्हणाल्या, "मंग नको ती भिंत. त्याच विटांचे आम्हाला बसायला ओटे बांधा. लय बरं होईल."

सुलभाने तेव्हा माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथेच, सगळ्यांदेखत, तिला मिठी मारली.

मग ओटे झाले, नाल्यावर टाकलेल्या फळ्यांच्या जागी पादचारी पूल झाला. नाला काँक्रीटने बांधून काढायचा आग्रह तिने कुणाचा चालू दिला नाही. पाणी मुरायला जागा हवी म्हणून दोन्ही काठांना करंज आणि जांभळं लावली, आणि प्रत्येक झाड एकेका घराला वाटून दिलं, पलीकडचं अलीकडच्या घराला, अलीकडचं पलीकडच्या. पाणी घालायला म्हणून लोक रोज पूल ओलांडू लागले. पुढे एका पावसाळ्यात शहरात दाणादाण उडाली, आमच्याकडे पाणी झाडांत पसरलं आणि ओसरून गेलं. मधे एकदा दंगलीच्या अफवा उठल्या, तेव्हाही सकाळी बाजार भरला. शाळेला तर आता दुसरा मजला चढलाय.

सुलभाला जाऊन महिना झाला. तिची आठवण म्हणून बाजाराच्या मधोमध तिच्या नावाचा चौथरा बांधायचं सगळ्यांच्या मनात आलं. मीही उत्साहाने पुढे झाले. तिचा डबा तिच्या मुलाने माझ्याकडे दिलाय. मी फक्की भरली आणि चाचा आणि यमुनाबाईंच्या देखत चौकोन आखला. नियम तिचाच, आठवडाभर थांबायचं.

काल जाऊन पाहिलं. टोपल्या, सायकली, दप्तरं घेऊन माणसं नेहमीसारखी ये-जा करत होती आणि चौकोनाचा मागमूसही उरला नव्हता. यमुनाबाई ओशाळून म्हणाल्या, "बाई, ध्यानातच राहिलं नाय हो. वाटच हाय ती."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. चौथरा रद्द. डबा मी शाळेत, माझ्या जुन्या खुर्चीमागच्या खिळ्याला टांगलाय. पुलाजवळ मुलांना खेळायला जागा हवी आहे. सोमवारी आखायला जायचंय.