खोक्यातून निघालेला दुसरा रोबोट

मित्रांनो, आज दुपारी दुकानातल्या टीव्हीवर रोबोटांच्या लढाईची फायनल पाहिली. अजून डोकं शांत झालेलं नाही.

मी जव्हारला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतो. संपूर्ण सीझन मी एकाच टीमच्या बाजूने होतो. लढाईत मोटार जळली की ती मुलं जळलेली तार काढून स्वतः नवी भरायची. तोच एक रोबोट घेऊन ती फायनलला आली. समोरच्यांचा रोबोट सेमीफायनल जिंकताना जळाला, तर त्यांनी फायनलसाठी खोक्यातून तसाच दुसरा काढला. नियमात बसतं म्हणे. दोन मिनिटांत माझी टीम हरली.

"ही लढाई नाही, खरेदी आहे," मी म्हणालो.

दुकानाचे शेठ हसले. "गिऱ्हाईकही तेच करतं. पावसाळा लागला की तुझं रिवाइंडिंगचं टेबल काढतो. तिथे नवे पंप ठेवू, तू विकायला उभा राहा."

तेवढ्यात सूर्यमाळचे एक काका पाड्यावरच्या पंपाची जळलेली मोटार घेऊन आले.

"नवीन घ्या, काका," शेठ म्हणाले.

काका माझ्याकडे वळले. "हीच करून दे ना, बाबा. पाड्यावर दुसरी नाय."

मी जुन्या कॉइलचे वेढे तीनदा मोजले. वेढे कमी पडले तर मोटार पुन्हा जळते. टीव्हीवर विजेत्यांच्या तयारीचं कौतुक चाललं होतं.

मला हे एकच काम नीट येतं. तुम्हीच सांगा, दुरुस्त करून लढणाऱ्यांना स्पर्धेत फक्त हरायला बोलावतात का?