मधूने न काढलेला चेहरा

"अक्का, हे उठतच नाहीत," एवढंच सुनंदा फोनवर म्हणाली. मी धुळ्याहून पिंप्राळ्याला पोचले तेव्हा दारात माणसं जमली होती. मधू माझा धाकटा भाऊ, सुनंदा त्याची बायको. महिना होत आला, पण मला अजून त्याचा रागच येतोय... न सांगता निघून जायची खोड त्याला पहिल्यापासूनच होती.

लग्नांचे फोटो काढणं हा त्याचा धंदा. लग्नसराई संपली की पाठीवर पिशवी टाकून हा कुठेही निघायचा. एकदा थेट इंडोनेशियातल्या एका बेटावर गेला, देवमाशाची शिकार बघायला. तिथले लोक लाकडी होड्यांतून देवमासा मारतात, तेही पोटासाठी. मांस घरोघर वाटतात, वाळवतात, डोंगरातल्या लोकांना देऊन मका घेतात. मी म्हटलं, रक्त बघायला एवढ्या लांब कशाला मरायला जातोस? नुसता हसला.

तिथे ज्याच्या ओट्यावर तो राहिला, तो माणूस भाला मारणारा. होडीच्या टोकावरून भाल्यासकट माशाच्या पाठीवर उडी घ्यायची, हे त्याचं काम. मधू मागच्या होडीत होता. त्या दिवशी भाला बसला, पण त्याचा दोर माणसाच्या पायात अडकला आणि मासा त्याला घेऊन खाली गेला. प्रेतसुद्धा मिळालं नाही. संध्याकाळी त्याची बायको मधूशेजारी येऊन बसली. कॅमेऱ्यातले फोटो एकेक करून बघत गेली. पाठ, दंड, भाला, पाणी... शेवटी तिने स्वतःच्या तोंडावरून हात फिरवून दाखवला. घरात नवऱ्याचा एकही फोटो नव्हता, आणि मधू तर रोज त्याच्यासोबत जेवत होता. घरातलाच माणूस, उद्या काढू, म्हणत राहिला मेला.

परतल्यावर आधी माझ्याकडे आला. ताटावर बसला, पण घास तोंडात जाईना. "अक्का, मन्हाजोडे त्याना तोंडना एकबी फोटो नही शे," म्हणाला आणि ढसाढसा रडला.

त्या उडीचा फोटो काढलाय हे ऐकून तो प्रदर्शनात लाव म्हणून लोक मागे लागले होते. त्याने कुणाला दाखवलासुद्धा नाही. पण पुढे लग्नांत तो वेड्यासारखा वागायला लागला. नवरा-नवरी ताटकळत उभे, आणि हा आपला पुऱ्या तळणाऱ्यांचे, वाजंत्र्यांचे, ताटं उचलणाऱ्या बायांचे चेहरे टिपत हिंडतोय. गिऱ्हाइकं तुटली. सुनंदाने कपाळाला हात लावला. मी चांगलं फैलावर घेतलं, तर म्हणे, राहू दे ना अक्का.

दहाव्यानंतर सोनगीरहून एक बाई भेटायला आल्या. त्यांचे मालक लग्नांत आचाऱ्याच्या हाताखाली काम करायचे, उन्हाळ्यात गेले. घरात आधार कार्डावरचा काळपट फोटो तेवढा होता, तो ओळखू येत नव्हता. मधूभाऊंनी एकदा यांचा काढला होता, असेल का, असं त्यांनी चाचरत विचारलं. सुनंदा तेरा दिवस घरात काही करायचं नाही हे विसरून मधूच्या कॉम्प्युटरवर बसली. लग्नामागून लग्न उघडत गेली. बाई शेजारच्या खुर्चीवर, मी मागे उभी. कढईमागे घाम पुसणारा एक माणूस पडद्यावर आला, सरळ आमच्याकडे बघणारा.

बाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला.

"ह्याच शेतस आमना मालक," म्हणाल्या, आणि खुर्ची सोडून उभ्या राहिल्या.