चौथ्या खोलीतली पावलं

या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत, हसायला म्हणून वाचत आलो. भूतबित सगळं झूट म्हणणाऱ्यांतला मी. तरी आज लिहितोय...

मी नांदेडचा, फोटोग्राफर. देगलूर-उदगीर रस्त्यापासून आत, एका गावाच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, बौद्ध विहाराचं उत्खनन चालू होतं; तिथले फोटो मी काढायचो. मधे चौक, भोवती भिक्खूंच्या खोल्या. फोटोआधी खोली ब्रशने झाडायची आणि उलट्या पावली बाहेर येत स्वतःचे ठसेही पुसायचे, हा आमचा रिवाज.

झाडायला गावातल्या गयाबाई. चप्पल त्या चौकातच काढायच्या. "हितं भिक्खू राह्यलेत साहेब, चपलेनं कसं जावं?"

एका सकाळी कॅमेरा लावला आणि माझं डोकंच सटकलं. चौथ्या खोलीत दारापासून मागच्या भिंतीपर्यंत अनवाणी पावलं! सगळी आत जाणारी... परतीचं एकही नाही. परतीची पुसली आणि ही विसरली, असंच मी धरलं. साइटवर अनवाणी माणूस एकच. पुरावा म्हणून मोबाईलवर फोटो काढला आणि गयाबाईंना हाक मारली.

"म्या न्हाई, साहेब."

"मग काय भिक्खू आले? उद्यापासून येऊ नका!" सगळ्यांसमोर ओरडलो. ब्रश माझ्या हातात देऊन त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी खोली मी स्वतः झाडली. उलटा बाहेर आलो, वळून कॅमेऱ्याची तिपाई उघडली, परत पाहिलं — तीच पावलं. भिंतीपर्यंत. लख्ख सकाळ, चौकात माझ्याशिवाय कुणी नाही.

संध्याकाळी गयाबाईंचं घर गाठलं. "जय भीम, बसा," म्हणाल्या. ओसरीवर पाय पसरून शेंगा फोडत होत्या. उजव्या पायाला अंगठाच नव्हता. शेजारचं बोटही नाही. लहानपणीच गेलेलं.

मी मोबाईल काढला. फोटोत दोन्ही पावलांना पाचही बोटं.

"अहो, तेव्हाच पाय का नाही दाखवला?"

"तुमी इचारलं कुठं? दोन म्हैने तुमच्या म्होरंच अनवाणी फिरून राहिले की."

लाजेनं मान वर होईना. माफी मागितली, उद्या या म्हणालो. "बघते," म्हणाल्या. आल्या नाहीत.

उत्खनन संपलं, खोली आता परत मातीनं बुजवलीय. ती पावलं कोणाची, मला आजही सांगता येत नाही. गयाबाईंची नव्हती, एवढं मात्र दोन महिने रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं.